‘प्लश’ हा शब्द हाताने शिका : सोलापुरात टॉवेल विकायला नव्याने उतरलेल्यांसाठी

टॉवेलच्या दुकानात किंवा निर्यातीच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींना इंग्रजीची धास्ती असते, पण अडतं ते व्याकरणापाशी नाही. ‘धिस इज गुड क्वालिटी, सर’ इथपर्यंत सगळे येतात. मग समोरचा हॉटेलचा परचेस मॅनेजर विचारतो, ‘हाऊ डझ इट फील?’ हाताला कसा लागतो? इथे आपली गाडी ‘सॉफ्ट, सर, व्हेरी सॉफ्ट’वर थांबते. पंचा सॉफ्ट, बाळाचा टॉवेल सॉफ्ट, बाथरोबही सॉफ्ट. गिऱ्हाइकाला मात्र तीन वेगळ्या वस्तू वेगळ्या कळायला हव्या असतात.

मी विक्री आणि पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या मुलांना कामापुरतं इंग्रजी शिकवते. स्पर्शाच्या शब्दांची सुरुवात मी नेहमी ‘प्लश’पासून करते. जाड, मऊ, हात आत रुतेल असं कापड आणि त्यातून मिळणारं ऐसपैस सुख, एवढं सगळं या एका शब्दात येतं. टॉवेलच्या कॅटलॉगमध्ये तो पानोपानी भेटतो. आणि सोलापूरच्या मुलांना तो इतर कोणापेक्षाही लवकर कळायला हवा, कारण त्याच्या मागची वस्तू आपल्या गावात रोज विणली जाते.

पहिली पायरी : उच्चार

स्पेलिंग पी, एल, यू, एस, एच. यू दिसला की आपण ‘उ’ वाचतो, कारण पुश आणि बुश डोक्यात बसलेले असतात. हा शब्द त्या घरातला नाही. ब्रश, क्रश, रश यांच्या रांगेत तो बसतो : प्लश. ‘प’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये स्वर घालू नका, नाहीतर ‘पलश’ होतं. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांच्या जिभेवर शब्दाच्या शेवटी हलकासा ‘उ’ येतो, बसचं ‘बस्सु’ होतं तसा. तेवढा आवरा. ‘श’वर शब्द संपला पाहिजे.

‘प’ म्हणताना ओठ पूर्ण मिटा. ते अर्धवट मिटले तर ‘फ्लश’ ऐकू जातं, आणि तो शब्द संडासात पाणी सोडण्याचा आहे. बाथ टॉवेल दाखवताना हा घोटाळा टाळायलाच हवा. ‘लश’ हा आणखी एक शेजारी. तो हिरव्यागार, रसरशीत झाडीसाठी वापरतात. प्लश, फ्लश, लश असे तिन्ही एकापाठोपाठ मोठ्याने म्हणा. कानाला फरक पडला की पुढे चला.

दुसरी पायरी : तीन कापडं आणि मिटलेले डोळे

ही पायरी घाईने उरकू नका. शब्दाचा सगळा जीव इथे आहे.

तीन वस्तू समोर घ्या. एक साधा सुती पंचा. एक चांगल्या वजनाचा टेरी टॉवेल. तिसरा वेलूरचा टॉवेल किंवा बाथरोब, म्हणजे ज्याची एक बाजू मखमलीसारखी दिसते तो. दुकानात काम करत असाल तर तिन्ही हाताशीच असतील. नसाल तर चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत कापडाच्या दुकानात जा आणि ‘काका, जरा हात लावून बघू का?’ असं विचारा. सोलापुरात कापडाला हात लावू न देणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.

आता डोळे मिटून पंच्यावर तळवा ठेवा आणि बोटांनी हलकं दाबा. बोटं वरच्यावर राहतात. कापड मऊ असेल, धुऊन धुऊन अगदी सायीसारखं झालेलं असेल, पण आत जायला जागाच नाही. तिथे उभे-आडवे धागे एकमेकांत सपाट बसलेले आहेत. इंग्रजीत याला सॉफ्ट म्हणा, लाइट म्हणा. प्लश म्हणू नका.

टेरी टॉवेलवर हात ठेवा. बोटं थोडी आत जातात. वर उभे असलेले फासे, ज्यांना आपण लूप म्हणतो, ते दबतात आणि हात उचलला की पुन्हा वर येतात. हे दबणं आणि वर येणं म्हणजेच प्लश. लूप दाट आणि उंच असतील तर शब्द पूर्ण लागू पडतो. ते विरळ आणि बुटके असतील, खालचं कापड बोटांना लागत असेल, तर तो टॉवेल नुसता टेरी आहे.

मग वेलूर. इथे विणून झाल्यावर लूपची टोकं शिअरिंगच्या मशीनवर कातरलेली असतात. फाशाचा धागा सुटून त्याची बारीक बारीक टोकं उभी राहतात. हात एका दिशेने फिरवला की रंग फिका दिसतो, उलट फिरवला की गडद. हे डोळे उघडून बघा, टॉवेलवर बोटाने रेघ ओढून बघा. ही बाजू सगळ्यात प्लश. पण गिऱ्हाइकाला एक खरी गोष्ट सांगायची : कातरलेली बाजू पाणी हळू टिपते, लूपची बाजू भराभर टिपते. म्हणून पुष्कळ वेलूर टॉवेलांची एकच बाजू कातरतात आणि दुसरी तशीच ठेवतात. समुद्रावर नेण्याचे छापील टॉवेल बघितलेत तर चित्र कातरलेल्या बाजूवर असतं, कारण तिथे छपाई स्वच्छ उठते.

आता हे लूप येतात कुठून, ते एकदा मागावर जाऊन बघाच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागात कोणाच्या तरी ओळखीने कारखान्यात जाता येतं. टेरीच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) असतात. खालच्या कापडाचा ग्राउंड बीम ताठ, लूपच्या धाग्यांचा पाईल बीम सैल. साध्या कापडात आडवा धागा आला की फणी तो लगेच ठोकून कापडाला चिकटवते. टेरीत पहिले दोन धागे कापडापासून जरासे लांब ठेवले जातात, तिसरा आला की तिन्ही मिळून पुढे ढकलले जातात. ग्राउंडचा ताणा ताठच असतो, त्यामुळे तो हलत नाही. पाईलचा ताणा सैल असल्याने या तिघांबरोबर पुढे सरकतो आणि त्याला जायला जागा नसल्यामुळे वर-खाली फासा होऊन उभा राहतो. ते मधलं अंतर जितकं जास्त, तितका लूप उंच.

एका कारखान्यात माग जुळवून देणाऱ्या जॉबर अण्णांनी आमच्या मुलींना हे समजावलं ते शब्दांनी नाही. त्यांनी टाकाऊ तुकड्यातून सुईच्या टोकाने पाईलचा एक धागा उचलला, हळूहळू ओढून काढला आणि त्याच तुकड्याशेजारी सरळ करून ठेवला. धागा तुकड्याच्या काठावरून केव्हाच बाहेर गेला आणि टेबलावर पुढे जातच राहिला. ‘एवढं सूत आत उभं हाय बगा,’ म्हणाले. टॉवेल जाड का, महाग का आणि हाताला भरदार का लागतो, तिन्हींचं उत्तर त्या एका धाग्यात होतं.

अण्णांच्या तोंडी दिवसभर असतो तो ‘पाईल’ हा शब्द आणि आपण शिकतोय तो ‘प्लश’, दोघांचं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये केसाला ‘पिलुस’ म्हणतात. त्यातून एका वाटेने कापडावरच्या उभ्या धाग्यांसाठी पाईल आला, आणि दुसऱ्या वाटेने फ्रेंचमधल्या ‘पलुश’मधून प्लश. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला तेव्हा ते नुसतं एका कापडाचं नाव होतं : मखमलीसारखं, पण केस तिच्याहून लांब असलेलं. मखमलीचा पाईल आखूड आणि दाट असतो, प्लशचा लांब आणि थोडा मोकळा. ‘आरामशीर, श्रीमंती थाटाचा’ हा अर्थ विसाव्या शतकात रुळला. कापडाच्या मागोमाग कापडाचं सुखही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. पाईल माहीत असलेल्याला म्हणून प्लश वेगळा पाठ करावा लागत नाही. पाईल नाही तिथे प्लश नाही, एवढं धरलं तरी टॉवेलपुरतं काम भागतं.

तिसरी पायरी : मऊच्या शब्दांची वाटणी

मराठीत आपण मऊ, मऊसूत, मुलायम, तलम, लुसलुशीत, गुबगुबीत असे शब्द न चुकता योग्य जागी वापरतो. लुसलुशीत पोळी म्हणतो, लुसलुशीत शालू म्हणत नाही. तीच शिस्त इंग्रजीत आणायची आहे, आणि ती पाठांतराने येत नाही. वस्तू हातात धरून शब्द म्हणावा लागतो.

‘सॉफ्ट’ सगळीकडे चालतो. आवाज सॉफ्ट, रंग सॉफ्ट, लोणी सॉफ्ट. म्हणूनच माल विकताना तो फार काही सांगत नाही.

‘स्मूद’ म्हणजे गुळगुळीत, बोट अडत नाही असं. पॉपलीनची चादर स्मूद असते. ‘सिल्की’ म्हणजे तलम आणि घसरणारं, रेशमाच्या पदरासारखं. प्लशच्या हे नेमकं उलट आहे, कारण प्लशमध्ये हात घसरत नाही, रुततो. त्यामुळे एकाच टॉवेलला ‘सिल्की अँड प्लश’ लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आपल्याकडच्या पाट्यांवर आणि पॅकेटांवर ही जोडी मला वारंवार दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण आतला माल चांगला असतो.

‘फ्लफी’ म्हणजे हवा भरल्यासारखं फुललेलं, हलकं. ड्रायरमधून नुकताच निघालेला टॉवेल फ्लफी असतो. फ्लफीला वजन नसतं, प्लशला असतं. हा फरक बारीक आहे पण हॉटेलवाल्यांना तो नीट कळतो.

‘कोझी’ हा शब्द कापडाचा कमी आणि प्रसंगाचा जास्त. थंडीत गोधडी पांघरून कोपऱ्यात बसलो, ते कोझी. ‘कम्फर्टेबल’ आपण सर्वत्र वापरतो; उच्चार मात्र ‘कम्फ-ट-बल’ असा तीन तुकड्यांत करा, ‘कम-फॉर-टेबल’ असा नको. ‘लग्झ्युरिअस’मध्ये किंमत आणि थाट आला; पाईल नसलेली रेशमी चादरसुद्धा लग्झ्युरिअस असू शकते.

आणि ‘क्रिस्प’. हा शब्द जरूर शिका. कडक, स्वच्छ, नुकत्याच इस्त्रीच्या सुती चादरीला क्रिस्प म्हणतात आणि ती स्तुती असते. हॉटेलच्या खोलीत पलंगावरची चादर क्रिस्प हवी आणि बाथरूममधला टॉवेल प्लश हवा. एका वाक्यात दोन्ही शब्द बरोबर वापरता आले की समोरच्याचा सूर बदलतो : ‘क्रिस्प शीट्स अँड प्लश टॉवेल्स.’

चौथी पायरी : चादरीला हात जोडा, पण प्लश म्हणू नका

हे मी थोडं आग्रहाने सांगणार आहे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे नव्या विक्रेत्याला वाटतं, जो भारी शब्द टॉवेलला तोच चादरीला. पण दोघींची वीण वेगळी आहे. चादर जॅकार्डवर, म्हणजे उभे धागे हवे तसे उचलून नक्षी काढणाऱ्या मागावर, विणतात. तिच्यावरचा मोर, तिची फुलं, तिची किनार हे सगळं विणीतच असतं, आणि पुढच्या बाजूला जो रंग नक्षीचा तो मागच्या बाजूला जमिनीचा होतो. तिच्यावर लूप नाहीत, कातरलेले केस नाहीत. नवी चादर हाताला घट्ट, थोडी खरखरीत लागते. दोन-चार धुण्यांनंतर ती अंगाशी जुळते आणि मग वर्षानुवर्षं टिकते. पुष्कळ घरांत आजीच्या लग्नातली चादर अजून पाहुण्यांना काढतात.

अशा चादरीखाली ‘प्लश ब्लँकेट’ लिहिलं तर काय होतं? दूरच्या शहरातली बाई लोकरी ब्लँकेटची, केसाळ मऊपणाची कल्पना करून मागवते. पार्सल उघडते, हात लावते आणि नाराज होते. चादरीत खोट काहीच नसते. फसवलेलं असतं शब्दाने, आणि नाव जातं सोलापूरचं.

चादरीसाठी तिचे स्वतःचे शब्द आहेत आणि ते प्लशपेक्षा तसूभरही कमी नाहीत. ‘थिक’ जाडीसाठी. ‘वॉर्म’ उबेसाठी. ‘टाइटली वोव्हन’ घट्ट विणीसाठी. ‘रिव्हर्सिबल’ दोन्ही बाजूंनी वापरण्यासाठी. ‘ड्युरेबल’ टिकाऊपणासाठी. आणि माझं सगळ्यात आवडतं वाक्य : ‘इट गेट्स सॉफ्टर विथ एव्हरी वॉश.’ हे शब्दशः खरं आहे, गिऱ्हाइकाला ते घरी गेल्यावर पटतं, आणि पहिल्या दिवशी चादर कडक लागली तरी ते घाबरत नाही.

पाचवी पायरी : शब्दाला वजनाचा आधार द्या

मोठे खरेदीदार ‘प्लश’ ऐकून थांबत नाहीत. पुढचा प्रश्न येतो : ‘व्हॉट इज द जीएसएम?’ एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, ते जीएसएम. काढायला सोपं आहे. टॉवेल वजनकाट्यावर ठेवा, लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा, वजनाला क्षेत्रफळाने भागा. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा टॉवेल म्हणजे ०.७५ गुणिले १.५०, म्हणजे १.१२५ चौरस मीटर. वजन ४५० ग्रॅम भरलं तर ४५० भागिले १.१२५, उत्तर ४०० जीएसएम.

साधारणपणे ३०० ते ४०० चा टॉवेल हलका, लवकर वाळणारा. ४०० ते ६०० मधला, घरात रोज वापरायला बरा. ६०० च्या पुढे गेलं की जड, भरदार, आणि प्लश म्हणायला कोणाची हरकत नसते. पण आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. जाड, भरड सुताचा ६०० चा टॉवेल हाताला राठ लागू शकतो, आणि कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेल्या) सुताचा, कमी पिळाचा ५०० चा टॉवेल त्याच्याहून प्लश वाटतो. कमी पीळ म्हणजे धागा मोकळा, मोकळा धागा म्हणजे लूप फुगीर. सुताबद्दल विचारलं तर ‘लो ट्विस्ट यार्न’ एवढं म्हणता आलं तरी बोलणं पुढे सरकतं.

आणखी एक तपासणी. दुकानातला अगदी नवा टॉवेल कधीकधी फसवा मऊ लागतो, कारण वर सॉफ्टनरचं फिनिश असतं. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. ते लगेच आत गेले तर ठीक. मण्यासारखे वरच बसले तर तो मऊपणा पहिल्या एक-दोन धुण्यांनंतर बदलणार आहे, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं. ‘प्लीज वॉश वन्स बिफोर यूज.’

सहावी पायरी : टॉवेलच्या बाहेर

शब्द एका वस्तूला बांधून ठेवला की तो लवकर विसरतो, म्हणून तो बाहेर फिरवून आणा.

‘प्लश सोफा’, ‘प्लश कार्पेट’, ‘प्लश चेअर’ हे सरळ आहेत, जिथे बसलं किंवा पाय ठेवला की रुततो. गादीच्या दुकानात तो मापासारखा वापरतात : ‘फर्म’ म्हणजे कडक, ‘मीडियम’ मधली, ‘प्लश’ मऊ. पाठदुखी असलेल्या माणसाला दुकानदार ‘प्लश नको’ म्हणाला तर तो गादीच्या कडकपणाबद्दल बोलतोय, थाटाबद्दल नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फिराल तेव्हा खेळण्यांच्या स्टॉलवरचं केसाळ अस्वल हातात घ्या. ते इंग्रजीत ‘प्लश टॉय’. या अस्वलाला टेडी नाव मिळालं ते अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रुझवेल्ट यांच्यावरून. १९०२ मध्ये शिकारीच्या वेळी त्यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, आणि त्यावरच्या व्यंगचित्रातून टेडी बेअर जन्माला आला. त्याच सुमारास जर्मनीतल्या श्टाइफ कंपनीने मोहेर लोकरीच्या प्लशचं, हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. मुलांना ही गोष्ट सांगितली की शब्द पक्का बसतो, असा माझा अनुभव आहे.

मग येतो अर्थाचा दुसरा मजला. ‘प्लश हॉटेल’, ‘प्लश ऑफिस’. इथे केस नाहीत की लूप नाहीत. महागडं आणि आरामशीर एवढंच म्हणायचं आहे. या जागी ‘पॉश’शी गल्लत होते. आपण ‘पॉश एरिया’, ‘पॉश फ्लॅट’ दिवसभर म्हणतो. पॉशमध्ये वरच्या वर्गाचा तोरा असतो, माणसाची बोलण्याची ढबसुद्धा पॉश असते. प्लश मात्र माणसाला किंवा त्याच्या बोलण्याला लावत नाहीत. तो जागेच्या आणि वस्तूच्या सुखापुरता. जेवणालाही लावू नका; केक कितीही मऊ असला तरी तो सॉफ्ट किंवा स्पाँजी.

तुलना करायची असेल तर ‘प्लशर’ आणि ‘मोर प्लश’ दोन्ही चालतात. नाम हवं असेल तर ‘प्लशनेस’. कॅटलॉगमध्ये सगळ्यात कामाला येतो तो ‘अ प्लश फील’.

सातवी पायरी : काउंटरवर

समजा हॉटेलचा माणूस आलाय. तीन टॉवेल त्याच्यासमोर ठेवा आणि बोलायच्या आधी त्याच्या हातात एक द्या. ‘प्लीज फील धिस, सर.’ त्याचा हात टॉवेलवर असतानाच वाक्य म्हणा, म्हणजे शब्द आणि स्पर्श एकत्र पोचतात. ‘धिस वन इज प्लश, सिक्स हंड्रेड जीएसएम, लाँग लूप्स.’ थांबा. त्याला दाबून बघू द्या. मग दुसरा : ‘धिस वन इज लायटर. इट ड्राइज फास्टर.’

तो म्हणेल, ‘बट विल इट ड्राय इन वन डे?’ खरं उत्तर द्या. ‘द प्लश वन टेक्स लाँगर टू ड्राय.’ ज्याच्याकडे मोठी लाँड्री आहे तो जड टॉवेल घेईल, छोट्या लॉजवाला ४०० चा घेईल, आणि दोघंही पुन्हा येतील. व्यायामशाळेसाठी कोणी मागितलं तर प्लश शब्द काढूच नका, तिथे ‘लाइटवेट’ आणि ‘क्विक ड्राय’. बाळाच्या टॉवेलला ‘जेंटल ऑन द स्किन’ म्हणा. आईला थाट नको असतो, कातडीला टोचणार नाही ना एवढंच हवं असतं.

पॅकिंगमधल्या मावश्यांकडून मी एक गोष्ट उचलली आहे. चेकिंगच्या टेबलावर त्या टॉवेल उजेडाकडे तिरका धरतात, तळवा एकदाच वरून खाली फिरवतात आणि नेमक्या सुटलेल्या लूपपाशी थांबतात. डोळ्यांनी शोधत बसत नाहीत. कात्रीने टोक कापलं की टॉवेल पुढच्या गठ्ठ्यावर. एक दिवस त्यांच्याशेजारी बसा आणि प्रत्येक टॉवेलवरून हात फिरवताना मनात शब्द म्हणा : हा प्लश, हा लाइट, हा रफ, हा वेलूर, हा परत लाइट. संध्याकाळी वहीत त्या दिवसाच्या मालाची पाच इंग्रजी वाक्यं लिहा. मराठीत लिहून मग इंग्रजीत फिरवू नका, सरळ इंग्रजीतच, कितीही छोटी असली तरी. ‘द ब्लू टॉवेल इज थिक अँड प्लश. द व्हाइट वन इज थिन बट सॉफ्ट.’ आठवडाभरात हात आणि जीभ बरोबर चालू लागतात.

शेवटची पायरी : घरी गेल्यावरही तो प्लश राहावा म्हणून

‘विल इट स्टे प्लश?’ हा प्रश्न चांगलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, आणि याचं उत्तर देता येणारा विक्रेता कमी सापडतो.

लूप आडवे पडले, एकमेकांना चिकटले की टॉवेल फळीसारखा होतो. बोअरच्या जड पाण्यात, जास्त पावडर टाकून, नीट न खंगाळता धुतलं की क्षार आणि साबण लूपमध्ये बसतात. सॉफ्टनर दर वेळी घातला तर त्याचा थर चढून टॉवेल पाणी टिपेनासा होतो. म्हणून सांगा : ‘यूज लेस डिटर्जंट. डू नॉट यूज सॉफ्टनर एव्हरी टाइम.’ टॉवेल राठ झालाच असेल तर एकदा खंगाळण्याच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून बघायला सांगा, क्षार सुटायला मदत होते. पहिल्या धुण्यात गडद रंग वेगळे. इस्त्री नको, लूप दबतात. लूप सुटून लोंबत असेल तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. टेरीची वीण तेवढ्याने उसवत नाही. ‘डू नॉट पुल द लूप. जस्ट कट इट.’

आणि वाळत घालायच्या आधी टॉवेल दोन्ही हातांनी धरून चांगला झटकायचा, लूप उभे राहतात. ‘शेक इट वेल बिफोर ड्राइंग.’ सोलापुरातल्या एप्रिलच्या उन्हात तो तासाभरात वाळून कडक होतो, तेव्हा खडखडीत होण्याआधीच सावलीत घ्यायचा, पुन्हा एकदा झटकायचा आणि मग घडी घालायची.